सतरावा ठिपका

माझ्या बुलेटच्या हँडलवर एक जीपीएस बसवलेला आहे. त्यात एक वाट अशी आहे की तिच्या सोळाव्या ठिपक्यापर्यंत मी मोठ्यानं गाणी म्हणत जातो, आणि सोळा ओलांडला की माझं तोंड आपोआप मिटतं. ही गोष्ट शाहूपुरीत कुणाला सांगितली तर लोक मला उचलून डॉक्टरकडं नेतील. तिथं माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे, आणि गिऱ्हाईक एक बोल्ट न्यायला आलं तरी मी त्याच्या पुडीत एक हकीकत बांधून देतो. मी खोटं बोलत नाही. असतं तेच सांगतो, फक्त ते भिजवलेल्या हरभऱ्यासारखं जरा फुगलेलं असतं. पण सतराव्या ठिपक्याची हकीकत मी फुगवलेली नाही. तिच्यात तेवढी जागाच नव्हती.

हा ठिपका कांबळे साहेबांचा.

कांबळे साहेब सरकारी खात्यातून आरेखक म्हणून निवृत्त झालेले. उभा जन्म नकाशे काढण्यात गेला. अंगानं इतके बारीक की पावसात दोन थेंबांच्या मधनं कोरडे घरी पोचत. तरी काखेत छत्री बारा महिने. उन्हाळ्यात उन्हासाठी, पावसाळ्यात पावसासाठी आणि थंडीत सवय मोडू नये म्हणून. खिशाला तीन पेन्सिली, तिन्हीला सुईसारखं टोक. माझ्या दुकानामागच्या बोळात दोन खोल्या. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात ते आणि मुलगी प्रज्ञा. आणि तिसरा मेंबर म्हणजे त्यांचा कॉम्प्युटर. तो चालू झाला की असा घरघरायचा की शेजारची म्हातारी गिरणी सुरू झाली समजून एकदा ज्वारीचा डबा घेऊन आली होती.

त्या घरघरणाऱ्या डब्यावर कोल्हापुरातल्या निम्म्या बुलेटवाल्यांच्या वाटा आखल्या जात. गोवा, कोकण, कर्नाटक, कुठंही निघा, आधी कांबळे साहेबांकडं जायचं. आणि या माणसानं जन्मात मोटरसायकल चालवली नव्हती. चालवणं सोडा, मागंसुद्धा बसला नव्हता. "दोन चाकावर माणूस उभा ऱ्हातोय ह्येच मला पटत न्हाय," म्हणायचे.

आमची ओळख एका गोठ्यामुळं झाली.

आम्ही चौघं रत्नागिरीला निघालो होतो. जीपीएस नवाकोरा. फोन घाटात रेंज गेली की मान टाकतो आणि पावसात भिजला की जीव टाकतो, म्हणून हे यंत्र घेतलेलं. ह्याचं काम असं असतं: घरी कॉम्प्युटरवर नकाशा उघडायचा, जायच्या रस्त्यावर ठिपके टाकत जायचं, ती वाट यंत्रात भरायची. यंत्र ठिपक्याला ठिपका जोडत आपल्याला नेतं. ठिपके मीच टाकले होते, एका हातानं, दुसऱ्या हातात मिसळीचा पाव होता. मलकापूरच्या अलीकडं यंत्रातली बाई म्हणाली, डावीकडे वळा. वळलो. पुन्हा डावीकडे. वळलो. रस्त्याची पायवाट झाली, पायवाटेचं शेण झालं, आणि बाई थांबली. चार बुलेट गोठ्यात. समोर अकरा म्हशी. म्हणजे मोजल्या तेव्हा तीन भरल्या, पण घुसलो तेव्हा अकराच होत्या. मालक धार काढत होता. मान न वळवता म्हणाला, "पावणं, दूध रतिबाचं हाय. सुटं मिळत न्हाय."

हे मी दुकानात रंगवून सांगत होतो (म्हशी पंधरावर गेल्या होत्या), तेव्हा कोपऱ्यात एक छत्रीवाला माणूस नळाचा वायसर हुडकत होता. त्यानं विचारलं, "ठिपका कुटं टाकलावता?"

"चौकात. जितं वळायचं तितंच की."

"चौकात ठिपका टाकत्यात व्हय?" माणूस खरोखर दुखावला होता. "चौकात चार रस्ते. यंत्राला काय कळतंय त्यो ठिपका कुणाचा? तुमी नकाशा लांबनं बघून टाकला, त्यो वीस पावलं सरकून गोठ्याच्या वाटंवर पडला. ठिपका वळणाच्या पुढं टाकायचा असतोय. माणूस वळला, गाडी सरळ झाली, मनातली धाकधूक गेली, की मग ठिपका."

वायसरचे पैसे मी घेतले नाहीत. त्याच संध्याकाळी आम्ही चौघं त्यांच्या दोन खोल्यांत मांडी घालून बसलो.

साहेबांचा एक नेम होता. न बघितलेलं वळण द्यायचं नाही. कुणी नवी वाट मागितली की दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब एसटी स्टँडवर. ड्रायव्हरच्या मागचा बाक, खिडकी, मांडीवर लांबडी वही. सगळे कंडक्टर त्यांना ओळखत. वळण आलं की साहेब वहीत लिहीत: काय दिसलं, कुठल्या हाताला, रस्ता कसा. घरी येऊन प्रत्येक ठिपक्याला बघितलेल्या वस्तूचं नाव देत. गाडी चालवताना ठिपका जवळ आला की ते नाव यंत्राच्या पडद्यावर येई. 'चिंच. हिच्या पुढं वळा.' 'म्हसोबा, डाव्या हाताला. सावकाश.' 'इथं चहा बरा. भजी नको.'

म्हसोबाचं नाव बघून मी एकदा डिवचलं, "साहेब, तुमी तर देवाला हात जोडत न्हाईसा. मग म्हसोबा कसा चालतोय?"

"हात जोडत न्हाय. पण जागा सोडत न्हाय त्यो. ठिपक्याला असला गडी लागतोय."

हे शहाणपण त्यांना एका साडीनं शिकवलं होतं. पन्हाळ्याच्या मागच्या एका वळणाला त्यांनी नाव दिलं, 'पिवळी साडी, दोरीवर'. आम्ही तिथं पोचलो. पडद्यावर पिवळी साडी, रस्त्यावर नुसती दोरी. आम्ही सहा गडी गाड्या लावून अर्धा तास एका बाईच्या साडीची चौकशी करत गावात फिरलो. जिवंत परत आलो हीच मोठी गोष्ट. साहेबांना सांगितल्यावर ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी एसटीनं तिथं जाऊन आले. बाई माहेरी गेली होती, साडी अंगावर होती. ठिपक्याचं नाव बदललं आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं: हलणाऱ्या वस्तूचं नाव ठेवायचं नाही.

त्या पानावरचा दुसरा नेम आधीच लिहिलेला होता: न बघितलेलं वळण द्यायचं नाही. तो मोडायला एकदा एक मोठा असामी आला. त्याची गाडी एवढी महाग की ती रस्त्यावर लावायची त्याला लाज वाटे. उद्या पहाटे निघायचंय, आजच्या आज वाट द्या, म्हणाला. त्यातला एक तुकडा साहेबांनी बघितलेला नव्हता.

"आवो, उपग्रहाचं चित्र हाय की! झाडाचं पान दिसतंय त्यात."

"उपग्रह वरनं बघतोय," साहेब म्हणाले. "गाडी खालनं जाती."

"पैसं किती पायजेत बोला."

"एसटीचं तिकीट. आणि दोन दिवस."

असामी पाय आपटत गेला. प्रज्ञा चहाचे कप उचलता उचलता म्हणाली, "बाबा, एक ठिपका दिला असता तर काय झालं असतं?"

साहेबांनी पेन्सिलीला टोक काढलं. "त्याला वाटलं असतं मी बघितलंय."

आता त्या श्रावणाकडं येतो.

प्रज्ञा नर्सिंग शिकून चार वर्षं सरकारी ऑर्डरची वाट बघत होती. ऑर्डर आली. गगनबावड्याच्या पलीकडं डोंगरात एका गावात आरोग्य केंद्र. अमुक तारखेला पाचच्या आत रुजू व्हायचं. ती तारीख उद्यावर आली आणि आदल्या दुपारी त्या गावाच्या रस्त्यावर दरड आली. एसटी बंद. गगनबावड्याचा पाऊस कोल्हापूरकराला सांगायला नको. तिथं पाऊस पडत नाही, तिथं तो राहायलाच असतो.

दुसरी वाट होती, मागच्या वाड्यांवरनं वळसा घालून. साहेबांनी वही काढली. त्या वाटेवरचीही सोळा वळणं बघितलेली होती. शेवटचा चार किलोमीटरचा तुकडा तेवढा कोरा. तिथं एसटी जात नव्हती, म्हणून साहेबांची वहीही गेली नव्हती. त्या तुकड्यात एक ओढा. उपग्रहाच्या चित्रात ओढ्यावरनं पांढरी सरळ रेघ गेलेली दिसत होती. पूल.

मी तिथंच होतो. माझा जीपीएस मी प्रज्ञाच्या गाडीला लावायला दिला होता. साहेब त्या पांढऱ्या रेघेकडं बघत इतका वेळ बसले की कॉम्प्युटरचा पडदा आपोआप काळा झाला. त्यांनी बटण दाबून तो उजळला आणि सतरावा ठिपका टाकला. नाव लिहायला बोटं कळांवर नेली. परत घेतली. नाव दिलं नाही की यंत्र आपलं आपण आकडा टाकतं, तसा नुसता सतरा पडला.

"जा," पोरीला म्हणाले. "वाट टाकलीया."

एवढंच. तो तुकडा बघितलेला नाही हे बोलले नाहीत. मीही बोललो नाही. ज्याचं तोंड कधी मिटत नाही त्याचं नेमकं त्या वेळी मिटलं. चार वर्षांची ऑर्डर समोर होती, पोरगी कपडे भरत होती, आणि आम्हा दोघांनाही वाटलं, एक ठिपका तर आहे.

सकाळी सातला ती निघाली. तिची गाडी लहान, बुलेटच्या मानानं डासच. पण हात सरळ.

साडेआठला माझ्या दारावर छत्रीची मूठ आपटली. मी दाढीचा फेस लावलेला. दारात कांबळे साहेब, भिजलेले. हा माणूस भिजलेला मी पहिल्यांदा बघत होतो. छत्री मिटलेली होती.

"संभाजीराव, सावली न्हाय."

"कशाला?"

"पुलाला. पुलाची सावली खाली पाण्यात पडती. बाजूनं काळी कड दिसती. मगाशी पुन्हा बघितलं, अगदी जवळनं. त्या रेघंला सावली न्हाय." त्यांच्या ओठाला पेन्सिलीचं शिसं लागलं होतं. "चित्र उन्हाळ्यातलं हाय. ओढा वाळलेला असताना लोकांनी मुरूम टाकून गाडीवाट केल्याली. पाऊस लागला की ती ऱ्हात न्हाय. पूल न्हायच तितं. मी धरणाच्या कालव्यांचं नकाशं काढलं, संभाजीराव, आणि मला कळलं न्हाय."

प्रज्ञाला फोन लावला. बंद. गाडी चालवताना ती फोन प्लास्टिकात गुंडाळून पिशवीच्या तळाला ठेवते हे साहेबांनीच तिला शिकवलेलं. आरोग्य केंद्राला लावला. नुसती घरघर. गगनबावड्यातल्या एका चहावाल्याचा नंबर माझ्याकडं होता, तो उचलला. म्हणाला, मघाशी एक पोरगी निळा रेनकोट घालून पुढं गेली, का वो?

मी तोंडावरचा फेस टॉवेलनं पुसला आणि बुलेट काढली. "साहेब, तुमी हितंच थांबा."

साहेब मागं बसून झाले होते.

गगनबावड्यापर्यंतचा रस्ता मी कसा कापला हे मी आजवर शंभर तऱ्हांनी सांगितलंय. एका तऱ्हेत मी ट्रकखालनं गेलोय. खरं सांगायचं तर मी भिऊन चालवत होतो. धुकं इतकं की पुढचं चाक मला ऐकू येत होतं, दिसत नव्हतं. जीपीएस प्रज्ञाकडं. त्या मागच्या वाड्यांकडं मी जन्मात गेलेलो नव्हतो. आणि माझ्या मागं, माझा रेनकोट दोन्ही मुठींत धरून, जन्मात पहिल्यांदा मोटरसायकलवर बसलेला माणूस, डोळे घट्ट मिटून, कानाशी सांगत होता.

"चिंच यील आता. हिच्या पुढं वळा."

चिंच आली. वळलो.

"शाळंची भिंत, उजव्या हाताला. तितनं उतार. ब्रेक आत्ताच धरा."

भिंत आली. उतार आला.

"हापसा. सरळ."

वही त्यांच्या शर्टाच्या आत, प्लास्टिकच्या पिशवीत होती. काढायची गरजच पडली नाही. एकेक वळण ते पाठ म्हणत होते. मधेच गाडी निसरली, माझे दोन्ही पाय खाली गेले, साहेबांचं कपाळ माझ्या पाठीवर आपटलं, आणि तरी त्यांचं वाक्य तुटलं नाही. "बारा झालं. आता पांदीचं तोंड. तेरा." मला वाटलं, हा माणूस असाच बोलत राहावा. जोवर बोलतोय तोवर रस्ता आहे.

"सोळा. दगडी चौथरा, फुटका. डावीकडं."

चौथरा आला. डावीकडं वळलो.

आणि मागनं आवाज बंद झाला.

मी वाट बघितली. शंभर पावलं गेली असतील, दोनशे. रस्ता उतरत होता, दोन्ही बाजूंना कारवीचं रान, आणि मागं नुसता श्वास. "साहेब?" म्हणालो. उत्तर नाही. त्यांच्याकडं सांगायला काही नव्हतं. खालनं एक आवाज येऊ लागला, आधी मला इंजिनचाच वाटला. मी इंजिन बंद केलं. आवाज तसाच राहिला. पाणी होतं.

चालत वळण घेतलं. पुढं रस्त्याच्या कडेला प्रज्ञाची गाडी स्टँडवर उभी. माणूस नाही.

गाडीच्या पुढं तीस पावलांवर रस्ता संपत होता. म्हणजे कापून काढल्यासारखा संपत होता, आणि तिथनं पलीकडं चॉकलेटी पाणी, त्यात आख्खी झाडं मुळांसकट चाललेली. साहेबांची छत्री हातातनं पडली. ते पुढं निघाले. पळत नव्हते, नुसते चालत होते, सरळ त्या पाण्याकडं, आणि मी त्यांच्या दंडाला धरलं तेव्हा मला कळलं की ते थांबणार नव्हते.

"बाबा!"

रस्त्याच्या वरच्या अंगाला जांभळीच्या बुंध्याला टेकून ती उभी होती. निळा रेनकोट झाडाच्या सावलीत काळा दिसत होता.

साहेब मटकन खाली बसले, चिखलात. ती धावत आली. "बाबा, तुमी गाडीवर आला? काका, बाबांना गाडीवर घालून आणलं तुमी?" तिला त्याचंच जास्त आश्चर्य वाटलं होतं.

मी विचारलं, "कशी थांबलीस गं? धुक्यात तर वळणावरनं पाणी दिसत बी न्हाय."

"पाणी तर नंतर बघितलं." तिनं माझ्या यंत्राचा पडदा पुसून दाखवला. "सोळापर्यंत नावं येत होती. मग नुसता सतरा आला. नाव न्हाय. म्हटलं, हे बाबांनी बघितलेलं न्हाय. मग हितंच गाडी लावली आणि चालत पुढं गेले. आता पाणी उतरायची वाट बघत थांबलेवते."

साहेबांनी मान वर केली नाही. चिखलात बोट घालून ते एक लहान रेघ ओढत होते आणि पुसत होते. तसंच म्हणाले, "सांगायला पायजे होतं मी."

"सांगितलं की," प्रज्ञा म्हणाली आणि त्यांची छत्री उचलून त्यांच्यावर धरली.

दोन वाजेपर्यंत मूळ रस्त्यावर जेसीबीनं दरडीतनं एका गाडीपुरती वाट केली आणि पाचच्या आत ती रुजू झाली. परतताना साहेब माझ्या मागं गगनबावड्यापर्यंतच बसले. तिथनं एसटी धरली. खिडकीतनं मला म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. चालवता चांगली. पण दोन चाकं ती दोन चाकं."

त्यानंतर दोन महिने तो कॉम्प्युटर घरघरला नाही. त्याच्यावर जुनं धोतर टाकून ठेवलेलं. वाट मागायला येणाऱ्यांना साहेब म्हणायचे, "डोळं गेलं माझं." डोळे काही गेले नव्हते, दुकानात येऊन लांबनं वायसरचा नंबर वाचायचे. मी त्यांच्यासमोर गोठ्याची हकीकत मुद्दाम सांगितली, म्हशी चाळीसवर नेल्या. हसले नाहीत.

दसऱ्याच्या पुढं एके दिवशी आले आणि म्हणाले, "तुमचं यंत्र एक दिवस द्या." दिलं. दुसऱ्या दिवशी गेले कुठंतरी, वही घेऊन. नंतर कळलं, एसटी जिथवर जाते तिथवर एसटीनं गेले आणि उरलेले चार किलोमीटर चालत. संध्याकाळी बोळातनं घरघर ऐकू आली. शेजारची म्हातारी दारात आली, पण या वेळी डबा आणला नाही.

यंत्र परत देताना सांगितलं, पोरीकडं राहायला चाललोय. खोल्या सोडल्या. कॉम्प्युटर तुमच्याकडं ठेवा.

निघायच्या दिवशी मी स्टँडवर गेलो ते यंत्र हातात घेऊनच. आदल्या रात्री त्यातली वाट उघडून बघितली होती. सोळापर्यंत सगळं तसंच. सतराव्याला आता नाव होतं, आणि ते वाचून मी ठरवलं होतं की ह्या माणसाला आज सोडायचं नाही. गगनबावड्याची गाडी लागलेली होती. साहेब ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर, खिडकीशी, काखेत छत्री. मी खिडकीखाली उभा राहून ओरडलो, आख्ख्या स्टँडाला ऐकू जाईल असा, "साहेब, नेम मोडला तुमी! हलणाऱ्या वस्तूचं नाव ठेवायचं न्हाय, असं वहीत लिवलंय! आणि हे काय हो?"

पडदा मी काचेला लावला. त्यावर होतं: 'जांभूळ. खाली प्रज्ञा उभी.'

साहेबांनी वाचलं. मग एक पेन्सिल खिशातनं काढून तिचं टोक अंगठ्यावर तपासलं.

"ती हलली न्हाय, संभाजीराव," ते म्हणाले.

मी पडदा काचेवरनं काढला. कंडक्टरनं घंटी दिली. गाडी फाटकाकडं वळली, आणि मला दिसलं, साहेबांनी मांडीवर वही उघडली होती आणि ज्या फाटकातनं ते शेकडो वेळा बाहेर पडले होते त्याच्याकडं मान वळवून बघत होते.